मुलांना उजनीवर फोटो काढायला न्यायचंय, कॅमेरा एकच आहे

भीमाकाठ

नमस्कार. मी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या २८ मुलामुलींना या हिवाळ्यात भिगवणजवळ कुंभारगावला न्यायचा विचार आहे. पक्षी बघायचे, फोटो काढायचे.

उजनीचं पाणी आमच्या मुलांना नवं नाही. कुणाचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे, कुणाच्या घरचे पहाटे जाळी काढायला जातात, कुणाच्या आजोबांचं जुनं गावच धरणात गेलंय. उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की घरची माणसं मुद्दाम बघायला जातात. पण पक्ष्यांचं म्हणाल तर पांढरा दिसला की बगळा आणि काळा दिसला की पाणकोंबडी, एवढ्यावर भागतं. मागच्या वर्षी एका मुलाने मला विचारलं, "बाई, ती पुण्याची माणसं एवढाल्या नळ्या लावून कशाचं फोटो काढत्यात? हितं हाय काय?" त्याचे वडील मासेमारी करतात, तो स्वतः होडी वल्हवतो. या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर देऊन चालणार नाही असं वाटलं.

आता अडचणी सांगते. शाळेकडे एका माजी विद्यार्थ्याने दिलेला जुना डीएसएलआर आहे, त्याला ५५-२५०ची लेन्स. एक दुर्बीण आहे. बाकी आम्हा शिक्षकांचे मोबाईल. मुख्याध्यापकांचं म्हणणं, स्पर्धा ठेवा आणि पहिल्या तीन फोटोंना बक्षीस द्या. पालक म्हणतात, एरवी मोबाईल हातातून काढा म्हणून तुम्हीच ओरडता आणि आता तुम्हीच देणार? आणि मला स्वतःला धास्ती अशी की सगळा वेळ एकमेकांचे फोटो काढण्यात जाईल आणि पक्षी राहतील बाजूला.

कधी जावं, एका कॅमेऱ्यात २८ मुलं कशी बसवावीत, आधी काही तयारी करून घ्यावी का? ज्यांनी मुलांना नेलंय त्यांनी सविस्तर सांगा, खूप मदत होईल.

पाणकावळा

बाई, जरूर न्या. मी दौंडचा. नोकरी रेल्वेत झाली, निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या शाळेची मुलं घेऊन कुंभारगावला किंवा डिकसळला जात असतो. जरा लांबण लागेल, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी कधी जायचं ते. सगळ्यांना रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो बघायचे असतात. पण रोहित उथळ पाण्यातला पक्षी आहे. तो चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, चिखलपाणी आत ओढतो आणि गाळून घेतो. पाय टेकतील एवढंच पाणी त्याला हवं. ज्या वर्षी पाऊस चांगला होतो आणि धरण तुडुंब असतं, त्या वर्षी काठाची दलदल पाण्याखाली राहते आणि थवे उशिरा उतरतात. त्यामुळे शाळेच्या सोयीची तारीख आधी ठरवू नका. गावातल्या एखाद्या नाववाल्याला फोन करून विचारा, "रोहित उतरलेत का, आणि कुठल्या बाजूला?" त्याला रोजचं माहीत असतं. साधारण जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ मला बरा वाटतो. तेव्हा पट्टकादंबही असतात. हिमालय ओलांडून आलेला हा हंस आमच्या हरभऱ्याच्या कडेला चरताना बघितला की मुलं नकाशा मागतात. नकाशा बरोबर ठेवा.

आता तुमचा एकच कॅमेरा. बाई, एकच आहे हे फार चांगलं आहे. मी फोटो शिकलो ते रोलच्या कॅमेऱ्यावर. एका रोलमध्ये ३६ फोटो, धुवायला पैसे, आणि पगार बेताचा. बटण दाबायच्या आधी माणूस दहा वेळा बघायचा. आजच्या मुलांना मी तेच बंधन घालतो. एका गटाला ३६ फोटो, त्याच्यावर एक नाही. तुमची २८ मुलं म्हणजे सातांचे चार गट, प्रत्येकाच्या वाट्याला पाच आणि एक शिल्लक. तो शिल्लक फोटो कुणी काढायचा हे त्यांनीच आपसात ठरवायचं. त्यावर जी वादावादी होते ती ऐका. "तो टिटवीचाच काढू, ती अंगावर धावून येतीया" असं कुणी म्हणालं की समजायचं, पोरगं बघायला लागलंय.

कॅमेरा होडीत नेऊ नका. होडी हलते, सात मुलं एका बाजूला झुकतात, आणि २५० मिलिमीटरमध्ये लांबचा थवा तसाही नखाएवढा येतो. कॅमेरा काठावर तिपाईवर लावा. काठालगत शेकाट्या, तुतवार, छोटे बगळे असतात. कवड्या धीवर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. हे पक्षी मुलांना जवळून मिळतात.

मी चार ठाणी करतो. पहिलं होडीचं, तिथे फक्त दुर्बीण. दुसरं तिपाईचं. तिसरं चिखलाचं, तिथे मोबाईल. चौथं न्याहारीचं, पण तिथेच वहीत लिहायचंही असतं. प्रत्येक ठाण्यावर पाऊण तास. सातला सुरू केलं की दहाला चारही गट सगळीकडून फिरून येतात. पुढे ऊन डोक्यावर येतं, पाण्यावरून चमक मारते आणि फोटोत पक्ष्याच्या अंगाचं सगळं बारीक काम जळून जातं. प्रत्येक ठाण्यावर एक मोठं माणूस पाहिजे, म्हणजे चौघं. एखादा पालक घ्या. मासेमारी करणारा पालक मिळाला तर तुमचं नशीब.

चिखलाच्या ठाण्याबद्दल जास्त सांगतो, कारण लोक ते सोडून देतात. पाणी मागे हटलं की ओल्या गाळावर रोहितांनी पाय आपटून केलेले गोल खड्डे दिसतात. पक्षी एका जागी पाय नाचवत गोल फिरतो, गाळ ढवळतो, त्यातले किडे आणि शेवाळ वर येतं. तो उडून गेल्यावर मागे एक कडं उरतं, मधे थोडा उंचवटा. एकदा एक नववीतली मुलगी तिथे उकिडवी बसून मोबाईलने त्याचा फोटो घेत होती. घेता घेता तिने पायाचा ठसा शोधला, पुढची तीन बोटं, मधे पडदा. मग स्वतः उठून तसंच पाय आपटत गोल फिरली आणि आपला खड्डा त्या खड्ड्याशेजारी ठेवून दोन्हींचा मिळून एक फोटो काढला. मी काही सांगितलं नव्हतं. त्या मुलीला रोहित कसा जेवतो हे आता कुणी शिकवायची गरज नाही. मोबाईलमध्ये झूम चांगलं नसतं, त्यामुळे त्याच्याकडून लांबचा पक्षी मागूच नका. ठसे, पिसं, जाळी, विष्ठेने पांढरी झालेली वाळकी झाडं, जलपर्णी, वाहून आलेलं प्लॅस्टिक, हे सगळं त्यात छान येतं. आणि प्लॅस्टिक मुद्दाम येऊ द्या. फोटोच्या चौकटीतून ते बाहेर ठेवायला मुलांना शिकवू नका. ते पाणी आपलं आहे, जसं आहे तसं त्यांनी बघावं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगचं थोडक्यात: शटर प्रायॉरिटीवर टाका, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा. उडत्या पक्ष्याला १/१००० सेकंदाच्या खाली जाऊ नका. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर राहू द्या. पांढऱ्या पक्ष्यासाठी एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसं कागदासारखी कोरी येतात. सूर्य पाठीशी घ्या. मुलांना याहून जास्त काही लागत नाही.

होडीतला नियम एकच, पण कडक. थवा चरत असतो तेव्हा सगळ्या माना खाली असतात. आपण जवळ गेलो की आधी कडेच्या एक-दोन माना वर येतात, मग सगळ्या, आणि मग थवा एका दिशेने चालायला लागतो. पहिल्या माना वर आल्या की इंजीन बंद आणि होडी तिथेच. पुढे जायचं नाही. मी हे काम एका मुलाकडे सोपवतो, तो फक्त माना बघतो आणि हात वर करतो. नाववाल्याला हे निघायच्या आधी काठावर सांगा. पाहुण्यांना खूश करायला तो होडी आत घालतो, आपण नको म्हटलं तर त्यालाही बरंच वाटतं.

म्हणूनच स्पर्धेला माझा ठाम विरोध आहे. बक्षीस लावलं की मुलगा नाववाल्याला "काका, अजून जवळ" म्हणणारच. मोठी माणसं तेच करतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून चालू इंजिनाची होडी थव्यात घातलेली मी पाहिलीय आणि माझं त्यांच्याशी भांडणही झालंय. इथून पुन्हा हिमालयापलीकडे जाणाऱ्या पट्टकादंबाला हिवाळ्यात अंगावर चरबी साठवायची असते. दिवसातून चार वेळा त्याला उठवायचं हे पाप आहे. मुख्याध्यापकांना म्हणावं, बक्षिसाच्या पैशात प्रत्येक मुलाचा एक फोटो छापून द्या. तालुक्याच्या स्टुडिओत पोस्टकार्डाएवढी प्रत स्वस्तात निघते. पाचांतला एक त्या मुलाने निवडायचा, मागे तारीख, वेळ, जागा आणि पक्षी तेव्हा काय करत होता हे लिहायचं. नाव कळलं नसेल तर जागा मोकळी सोडायची, नंतर भरता येते.

साळुंकी

पाणकावळा यांचं बरंचसं पटलं, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. मी नाशिकची. नांदूरमध्यमेश्वरला मुलांना घेऊन जाते. २०२०मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तिथे निरीक्षण मनोरे आहेत, त्यामुळे होडीचा प्रश्न येत नाही.

माझा अनुभव असा की पहिला अर्धा तास हातात काहीच नसावं. कॅमेरा असला की मूल आयताच्या आत बघतं. डावीकडून भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत येतोय, त्याने बदकं उठवलीत, ती पाण्यावर पळत सुटलीत, हे त्याच्या गावी नसतं कारण त्याच्या आयतात एक बगळा आहे. शिवाय आवाज. पहाटे मनोऱ्यावर उभं राहिलं की पाण्यावरून जो कालवा ऐकू येतो, तो स्क्रीनकडे बघणाऱ्याला ऐकूच येत नाही. मी मुलांना डोळे मिटून बसवते आणि किती वेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायला सांगते. मग दुर्बीण, आणि सगळ्यात शेवटी फोटो. खरं तर एका सहलीत फोटो नसले तरी चालतील असं माझं मत आहे.

बाई, मुलींचं एक विसरू नका. स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या दिवशी पक्कं करा. ती सोय नसली की मुली पाणी पीत नाहीत, आणि दहा वाजेपर्यंत त्यांचं डोकं धरतं. मग पक्षी कसले बघणार?

पाणकावळा

साळुंकीताई, स्वच्छतागृहाचं अगदी खरं. कुंभारगावात जेवणाची सोय करणाऱ्या घरांमधून ते होतं, सांगून ठेवावं लागतं.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. शहरातल्या मुलाला तो काठ नवा असतो, ते नुसतं बसवलं तरी बघत राहतं. बाईंची मुलं त्या पाण्यावरच वाढलीत. त्यांना नुसतं "बघा" म्हटलं तर ती म्हणतील, रोजच बघतो. रोजच्या गोष्टीकडे पुन्हा वळून बघायला त्यांना काहीतरी काम लागतं, आणि पाच फोटो हे काम आहे. सुरुवातीची दहा मिनिटं डोळे मिटून आवाज ऐकायला मात्र मीही बसवीन, ते आवडलं.

रुईचं पान

बार्शीहून लिहितोय, मीही शिक्षक. "आधी काही तयारी करून घ्यावी का" या प्रश्नावर बोलतो.

भिगवणला जायच्या आधी तीन आठवडे शाळेच्या कुंपणापाशी काम सुरू करा. रुईचं झुडूप तुमच्याकडे नक्की असणार, कुणी उपटत नाही आणि जनावरं खात नाहीत. त्याच्या पानांवर प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. नारिंगी रंगाचं, पंखांच्या टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके, तुम्ही शंभर वेळा पाहिलेलं आहे. त्याची अळी पांढरी, काळे-पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. एका गटाला एक झुडूप द्या. रोज मधल्या सुट्टीत एकच फोटो, त्याच अंतरावरून, शेजारी पट्टी धरून. अळी वाढते, कात टाकते, एक दिवस गायब होते. मग शोधाशोध. कोष सापडला तर वर्ग डोक्यावर घेतात. नाही सापडला तरी मुलं मुंगळे, कोळी, मावा, काय काय टिपून आणतात.

यात दोन गोष्टी साधतात. हात न हलवता फोटो काढायची सवय होते, आणि झाडाला हात न लावता थांबायची सवय होते. पान तोडून उजेडात आणायचं नाही, अळीला काडीने सरळ करायचं नाही, हे मुलं इथे शिकली की होडीत सांगावं लागत नाही. बारीक गोष्टी जवळून टिपायला मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स मिळते, फार महाग नसते, एक पुरते.

पालकांना सांगायचं उत्तर: फोन शिक्षकांचा, फ्लाइट मोडवर, आणि दिवसाला एक फोटो. पालकसभेत पहिल्या दिवसापासूनचे फोटो ओळीने लावून दाखवा. आमच्याकडे त्यानंतर कुणी तक्रार केली नाही. उलट एका आजीने सांगितलं की रुईवरची ही अळी त्या लहानपणापासून बघतात, पण तिचं फुलपाखरू होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर फोटो टाकले तर ओळख पटवायला जगभरचे जाणकार मदत करतात. खातं शाळेचं किंवा शिक्षकाचं ठेवा, मुलांची नावं नकोत. आणि घरटं दिसलं तर त्याचा फोटो कुठेच टाकू नका, काढूही नका. माणसाची चाहूल लागली की पक्षीण उठते, आणि उघड्या अंड्यांवर कावळ्याची नजर असतेच.

माळकरी

मी सुप्याकडचा. एक सुचवू का? भिगवणहून परतताना एखाद्या माळरानावर तासभर थांबा. मोरगावजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, पण चिंकारा दिसतात. वनविभागाची परवानगी आणि प्रवेशाचं आधी बघून घ्या.

पाण्यावरचे पक्षी सगळ्यांना आवडतात, माळाला मात्र सगळे पडीक म्हणतात. झाडं नाहीत म्हणजे तिथे काही नाही असं आमच्या गावातही समजतात, आणि मग तिथे खड्डे खणून झाडं लावतात. चिंकाऱ्याला आणि चंडोल, धाविक या पक्ष्यांना गवतच हवं असतं. मुलांनी जमिनीवर पालथं पडून गवताच्या उंचीवरून एक फोटो काढावा. तेव्हा कळतं की गुडघ्याएवढं गवत चंडोलाला केवढं जंगल वाटत असेल.

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल मुख्याध्यापकांशी बोलले. स्पर्धा रद्द, छपाई मंजूर. पहिलं प्रदर्शन मार्चमध्ये शाळेच्या व्हरांड्यात, आणि तेच फोटो नोव्हेंबरमध्ये पक्षी सप्ताहात पुन्हा लावायचे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून तो आठवडा. गावातल्यांना बोलवायचं. ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला होता त्याच्या वडिलांना विचारलं, ते चौथं माणूस म्हणून यायला तयार आहेत. म्हणाले, चिलापी मासा कुठे लागतो ते पक्ष्यांवरूनच कळतं, ते पोरांना मी सांगतो.

रुईची तीन झुडपं सापडली, एकावर अळी आहे. माळकरी, मयूरेश्वर यंदा एका दिवसात जमणार नाही, पुढच्या वर्षी स्वतंत्र सहल करू. पण शाळेमागच्या गायरानात पालथं पडून फोटो काढायचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी ठेवलाय.

साळुंकी, पहिली दहा मिनिटं डोळे मिटून. नक्की.

एकच राहिलं. होडीत सात मुलं आणि एक मोठं माणूस, शिवाय नाववाला. हे जास्त होतं का? आणि लाइफ जॅकेट त्यांच्याकडे असतात ना?

पाणकावळा

होडी बघून ठरवा. लहान होडी असेल तर सातांचे दोन भाग करा आणि त्या ठाण्याला दोन होड्या घ्या. दोन होड्या झाल्या की मोठी माणसंही दोन लागतील, म्हणजे एकूण पाच. नाववाला जास्त बसतील म्हणाला तरी ऐकू नका. जॅकेट असतात, पण बहुतेक मोठ्या माणसांच्या मापाची. आठवीतलं बारीक पोर त्यातून सटकतं. आधी फोन करून लहान मापाची किती आहेत ते विचारा, कमी पडली तर तालुक्यातून भाड्याने मिळतात का बघा. पोहता येणाऱ्या मुलांनाही घालायला लावा, तुमची ती होडी वल्हवणारी मुलं आधी नको म्हणतील. त्या मुलाच्या वडिलांना सगळ्यांसमोर पहिलं जॅकेट घालायला सांगा.